बापाचा रकाना

२०२२ च्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण आलं, आणि त्या गडबडीत आमच्या मोगरी गाईच्या पोटाला, ग्रहण बाधू नये म्हणून लावतात तो, गेरू लावायचा राहून गेला. राहून गेला म्हणजे माझ्याकडून राहिला. सासूबाईंनी सकाळीच वाटीत गेरू भिजवून ठेवला होता. माझ्या डोक्यात मात्र पाडव्याचं आणि डेअरीच्या बोनसचं चाललेलं. संध्याकाळी सूर्य ग्रासलेलाच मावळला आणि वाटी ओट्यावर तशीच सुकून गेली. मोगरी तेव्हा साडेतीन महिन्यांची गाभण होती.

एप्रिलमध्ये मोगरी व्यायली. कालवड झाली, काळीपांढरी, कपाळावर वाकडा चांद. अर्ध्या तासात उभी राहिली, चीक ढोसला, वारही वेळेवर पडली. सगळं इतकं सुरळीत होतं की मी निवांत झोपले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कालवड दुधाला तोंड लावेना. पोट ढोलासारखं ताणलेलं, पाठीची कमान करून नुसती कुंथत होती. मुरडा असेल म्हणून ह्यांनी ओवा शोधायला सुरुवात केली. मी शेपटी उचलून बघितलं, तर शेणाची वाटच नव्हती. शेपटीखाली सपाट कातडं, केसांसकट. तिनं जोर लावला की ते कातडं लिंबाएवढं फुगून पुढं यायचं आणि परत आत जायचं.

जन्मल्यावर आपण काय बघतो? नाकातोंडातला चिकटा काढतो, नाळ बघतो, कालवड की गोऱ्हा ते बघतो. शेपटीखालचं तेवढ्याचसाठी बघतो आणि शेपटी सोडून देतो. मीही तेच केलं होतं.

डॉक्टर रात्री दहाला आले. मोबाइलची बॅटरी मी धरली होती. त्यांनी आधी बोटानं दाबून बघितलं आणि म्हणाले, "फुगतंय ना, बरं आहे. आतडं कातड्यापर्यंत आलंय. फुगत नसतं तर मी हात लावला नसता." बधिर करायचं इंजेक्शन दिलं, फुलीसारखा छेद घेतला, आणि दीड दिवसाचं कोंडलेलं काळपट चिकट शेण त्यांच्या शर्टाच्या खिशापर्यंत उडालं. मग आतड्याची कड ओढून कातड्याला गोल टाके घातले. पंधरा मिनिटांत कालवड शेपटी हलवत बाटलीतलं दूध पीत होती.

सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या फक्त एक शब्द बोलल्या, "गेरू."

डॉक्टर हात धूत हसले. "आजी, वासराचे अवयव घडायचे ते पोटात पहिल्या दीड-दोन महिन्यांत घडतात. ग्रहण आलं तेव्हा वाट असायची तर झालेली होती, नसायची तर राहिलेली होती."

"मग त्याच्या आधीचं ग्रहण असंल," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्याशी वाद घालून कुणी जिंकल्याचं मला आठवत नाही.

निघताना डॉक्टरांनी विचारलं, "कुठल्या वळूची कांडी होती?" मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे. कांडी भरणाऱ्या, म्हणजे वळूच्या गोठवलेल्या वीर्याची नळी आणून गाय भरणाऱ्या, दादांना फोन लावला, ते म्हणाले, "वहिनी, जुलैतली कुठं आठवणार? चांगल्याच वळूची होती."

आमच्याकडे, संगमनेरच्या बाजूला काय किंवा माझ्या माहेरी अकोले तालुक्यात काय, गुरांची ओळख आईवरून चालते. "ही कुणाची?" म्हटलं की "तांबडीची थोरली", "मोगरीची दुसऱ्या वेताची". दूध आईचं बघतात, सडं आईची बघतात, लाथ मारायची खोड आईची निघते. बापाचा विषयच नाही. आणि वासरात काही वाकडं निघालं तरी गाईवरच येतं: ही गायच असली, विकून टाका. गाईवर नाही बसलं तर सुनेच्या पायगुणावर बसतं. माणसांमध्ये सरकारनं १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या कागदांवर बापाच्या आधी आईचं नाव लावायला सांगितलं, ते मला पटलंच. पण गोठ्यात उलटी गरज आहे. तिथं बापाचं नाव कुठंच नाही.

कांडी म्हणजे खराट्याच्या काडीएवढी प्लास्टिकची नळी, वीतभरही नाही, पाव मिलीलीटरची. तिच्यावर बारीक अक्षरात सगळं छापलेलं असतं: वळूचा क्रमांक, जात, कुठल्या केंद्रात भरली, कधी भरली. म्हणजे बाप कोण हे लिहूनच येतं. गाय भरली की ती नळी मुतखाड्यात पडते, आणि दुसऱ्या दिवशी खराट्याबरोबर उकिरड्यावर.

डॉक्टर टाके काढायला आले तेव्हा मी त्यांना गाठून बसवलंच. म्हटलं, हे वळूकडून आलं का? त्यांनी सरळ उत्तर दिलं नाही, आणि ते मला आवडलं. म्हणाले, जन्मजात वेगळं आणि आनुवंशिक वेगळं. वासरू जन्मतानाच दोष घेऊन आलं म्हणजे तो बापाआईच्या रक्तातलाच, असं नाही. गाभण गाईला हिरवा चारा महिनोन्महिने मिळाला नाही, अ जीवनसत्त्व कमी पडलं, तर वासरू आंधळं जन्मू शकतं. काही विषाणू आईला ताप येऊ न देता पोटातल्या वासराचे सांधे आखडून टाकतात. गाभण तपासायला फार लवकर हात घालून दाबलं तर आतड्याचा एखादा तुकडाच बनत नाही, असंही आढळलंय. शेणाची वाट नसणं कधी वंशातून येतं, कधी नुसतं होतं. "एका वासरावरून काही कळत नाही. एकाच वळूची दोन-तीन निघाली तर शंका घ्यायची."

मग मी दोन-तीन शोधायला निघाले. त्या महिन्यात दादांनी आमच्या आणि शेजारच्या वाडीत कुणाकुणाच्या गाई भरल्या ते त्यांच्याकडून काढलं, आणि नऊ घरं पालथी घातली. आठ घरी चहा झाला आणि "आमच्याकडं सगळं चांगलं" हे ऐकलं. नवव्या घरची म्हातारी मला गोठ्यामागं घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "आमचा गोऱ्हा तसाच होता. तिसऱ्या दिवशी गेला. रात्रीच पुरला. कुणाला बोलू नको बाई, गाय विकायचीय." ती खरं बोलली म्हणून मला तिचं कौतुक वाटलं, आणि बाकीच्या आठ घरांबद्दल त्या क्षणापासून शंका वाटायला लागली.

दोन वासरं झाली. पण दोघांचा बाप एकच होता का? ते सांगणारी नळी दोन्हीकडे उकिरड्यात गेलेली. तक्रार करायची तर कुठल्या वळूची, आणि कुठल्या केंद्राकडे? त्या केंद्रात कदाचित तोच वळू अजून असेल, कदाचित त्याचा काही दोषही नसेल.

ह्या विषयाचं वेड मला तिथून लागलं. डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली होती ती डोक्यात बसली. प्रत्येक गुण जोडीनं येतो, एक बापाकडून, एक आईकडून. बैलजोडीतला एक लंगडा असला तरी दुसरा गाडी ओढून नेतो, बघणाऱ्याला गाडी चालतेय एवढंच दिसतं. दोन्ही लंगडे जुंपले गेले की गाडी जागच्या जागी बसते. ज्याच्यात एक लंगडा आहे तो वाहक. तो वळू दिसायला उमदा, वजनाला भारी, मुली दुधाला एक नंबर. त्याच्या अंगावर काही म्हणजे काही दिसत नाही.

आमच्याकडच्या बाजारात जनावर घेणारे किती बारकाईनं बघतात! भोवरा कुठं आहे, गोम कुठं आहे, शेपटीचा गोंडा कुठवर आला, जिभेवर काळं आहे का. गोम वाईट जागी निघाली की हजारो रुपये उतरतात, सौदा मोडतो. आणि बापाचा नंबर विचारणारा एक माणूस मी अजून बघितला नाही. खरी गोम तिथंच आहे.

अमेरिकेतल्या एका होल्स्टीन वळूची हकिकत मी ह्यांना तीनदा सांगितली आहे, चौथ्यांदा ते उठून गेले, म्हणून इथं लिहिते. पॉनी फार्म अर्लिंडा चीफ त्याचं नाव, जन्म १९६२ चा, नेब्रास्कातला. त्याच्या लेकी इतकं दूध द्यायच्या की जो तो त्याचीच कांडी मागायचा. त्याला सोळा हजार लेकी झाल्या, पाच लाख नाती आणि वीस लाखांवर पणत्या. होल्स्टीन जातीच्या आजच्या गाईंमध्ये जेवढं वंशद्रव्य आहे त्यातलं जवळपास १४ टक्के ह्या एकट्याचं. आणि त्याच्यात एक लंगडा बैल होता. एपीएएफ-१ नावाच्या जनुकात एक चूक. त्याची लेकरं-नातवंडं आपापसात भरली गेली की काही गर्भांत ती चूक दोन्हीकडून यायची, आणि असे गर्भ पोटातच जायचे. वाकडं वासरू जन्मून कुणाला दिसलंच नाही. दिसायचं एवढंच की गाय गाभडली किंवा उलटली. पस्तीस वर्षांत जगभर पाच लाखांवर गर्भ असे गेले, नुकसान ४२ कोटी डॉलरच्या घरात, असा हिशेब २०१६ साली मांडला गेला.

हे सापडलं कसं ते मला सगळ्यांत भारी वाटतं. आजारी वासरू बघून नव्हे. २०११ मध्ये शास्त्रज्ञ हजारो होल्स्टीन जनावरांचे नमुने तपासत होते. वंशद्रव्याचा एक विशिष्ट तुकडा बऱ्याच जनावरांत एकेरी सापडत होता. हिशेबानं काहींत तो दुहेरी सापडायलाच हवा होता, पण दुहेरी असलेलं एकही जिवंत जनावर निघेना. जेवणाच्या पंगतीत नेमकं एक पान सारखं रिकामं दिसावं आणि त्यावरून कळावं की कुणीतरी घरीच पोचलेलं नाही, तसं.

आणि हेही लिहायला पाहिजे, नाहीतर चीफवर अन्याय होईल: त्याच्या दुधाच्या गुणांमुळे झालेला फायदा त्याच संशोधकांनी ३० अब्ज डॉलर धरला आहे. म्हणजे नुकसान वजा करूनही तो वळू घ्यावाच असा होता. हे वाचून मला जरा गप्प बसावं लागलं. दोषी वळू शोधून त्याला हाकलायचं इतकं सोपं प्रकरण नाही. वाहक वळूसुद्धा वापरता येतो, फक्त वाहक गाईवर तो जाता कामा नये. पण त्यासाठी गाईचा बाप माहीत हवा.

दुसरा एक, ऑसबोर्नडेल आयव्हन्हो, १९५२ चा. त्याच्या वंशातून ब्लॅड नावाचा रोग पसरला. वासरू दिसायला धडधाकट जन्मतं, पण त्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीतून बाहेर पडून जखमेपर्यंत पोचूच शकत नाहीत. मग सारखा न्यूमोनिया, हिरड्या सडणं, तोंडात व्रण, वाढ खुंटणं, आणि बहुतेक वर्षाच्या आत मरण. आपल्याकडच्या होल्स्टीन आणि संकरित वळूंमध्येही ह्याचे वाहक सापडले आहेत. म्हणून आता वीर्य केंद्रांमध्ये घेण्याआधी ह्या वळूंची ब्लॅडसाठी आणि आणखी अशाच काही रोगांसाठी रक्ततपासणी करायचा नियम आहे. नियम चांगला आहे. पण गावात मोकळा फिरणारा किंवा कुणी "आमचा एचएफ" (म्हणजे होल्स्टीन) म्हणून पैसे घेऊन लावणारा वळू कुठल्या नियमात बसतो? "खुरटं वासरू, ठसकत मेलं" अशी किती वासरं मी लहानपणापासून ऐकली असतील. त्यातली बहुतेक साध्या न्यूमोनियाची आणि जंतांची असणार. सगळीच का, कोण जाणे.

माहेरी डांगी गाई होत्या. अंगाला तेलकट, पावसात भिजल्या तरी कोरड्या. गावाला एक वळू असायचा. डांगी कालवड उशिरा माजावर येते, तीन-साडेतीन वर्षं सहज जातात. माझे आजोबा म्हणायचे, "लेकी माजावर यायच्या आत बाप गावाबाहेर." वळूची दोन खोऱ्यांमध्ये अदलाबदल व्हायची. त्यांना जनुक माहीत नव्हतं, नातं माहीत होतं. संकरित कालवड मात्र सव्वा-दीड वर्षातच माजावर येते, म्हणजे वळू आल्यापासून दोन-सव्वादोन वर्षांत त्याच्या लेकी त्याच्यासमोर उभ्या. शिवाय कांडीला म्हातारपण नाही. उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमध्ये ती पडून असते. वळू मेला, त्याची झूल जुनी झाली, तरी तो बाप होतच राहतो. एखादा वळू "चांगला लागतो" म्हणून दादा वर्षानुवर्षं त्याचीच कांडी आणतात, आणि आपण खूश. त्यात तो वाहक असेल तर त्याच्या निम्म्या लेकी वाहक. त्याच लेकींवर तोच वळू गेला, तर आठातलं एक वासरू दोन्ही लंगडे घेऊन येणार. आठ गाई म्हणजे आमचा गोठा.

तर मी वही केली. शाळेची दोनशे पानी, एका गाईला चार पानं. पहिला रकाना आईचा, दुसरा बापाचा. दादांना सांगून ठेवलंय, नळी टाकायची नाही, माझ्या हातात द्यायची. मी ती धुते, पुसते आणि सेलोटेपनं त्या तारखेखाली चिकटवते. नंबर लिहून घेतला असता तर चाललं असतं, पण शाईचा आठ तीनसारखा दिसतो, नळी खोटं बोलत नाही. बिल्ला मारलेल्या गाईची नोंद सरकारी अॅपवरही होते, बारा आकडी नंबरावर, पण रेंज नसली की "उद्या भरतो" आणि उद्या म्हणजे कधीच नाही. आता वहीची पानं फुगलीत, मिटत नाहीत. ह्यांनी तिला "कांड्यांचं पुराण" नाव ठेवलंय.

वहीमुळे एक फसगत उशिरा का होईना कळली. तांबडीला जुळं झालेलं, एक गोऱ्हा, एक कालवड. कालवड दोन वर्षं खाऊन धष्टपुष्ट झाली, माजाचं नाव नाही. दोन वेळा मिनरल मिक्श्चरचे पुडे, एकदा नवस. डॉक्टरांनी पान उलटून बघितलं, जुळ्याची नोंद दिसली आणि कपाळाला हात लावला. गोऱ्ह्याबरोबर पोटात वाढलेली कालवड शंभरातल्या नव्वदांहून जास्त वेळा वांझ निघते. दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात, गोऱ्ह्याचा अंतःस्राव तिच्या रक्तात उतरतो आणि तिचं गर्भाशय नीट घडतच नाही. ह्यात वळूचा दोष नाही, तांबडीचा नाही, कुणाचाच नाही. वासरू महिन्याचं असताना डॉक्टरांनी योनिमार्गाची खोली मोजली असती तर तेव्हाच कळलं असतं. दोन वर्षांच्या चाऱ्याचा हिशेब मी वहीत लिहिलेला नाही, मुद्दाम.

परवा शिर्डीच्या रस्त्यावर एक जण गाय घेऊन उभा होता, वशिंडाजवळून लोंबणारा पाचवा पाय, त्याला हळदकुंकू, अंगावर आरशांची झूल. बायका पाया पडून दहा-दहा रुपये ठेवत होत्या. मला एकदम नवव्या घरची म्हातारी आठवली. पाय जास्त असला की झूल, वाट कमी असली की रात्रीचा खड्डा. मीही दहा रुपये ठेवले, खोटं कशाला बोला. मग त्या माणसाला विचारलं, हिचा बाप कोण? तो माझ्याकडे बघतच राहिला.

मोगरीची ती कालवड आता अडीच वर्षांची झालीय. नाव चांदणी. गावात तिच्याइतकी देखणी कालवड नाही. शेपटीखाली टाक्यांचा गोल वण आहे, तो शेपटी उचलल्याशिवाय दिसत नाही. डॉक्टरांचं म्हणणं, हिच्यावर वेत घेऊ नका, बाप माहीत नाही, दोष वंशातला असेल तर पुढं जाईल. सासूबाईंचं म्हणणं, दोष ग्रहणाचा, तिचा काय संबंध. ह्यांचं म्हणणं, मग विकू. दोनदा गिऱ्हाईक आलं. त्यांनी भोवरा बघितला, गोम बघितली, दात बघितले, साठ हजारांपर्यंत आले. दोन्ही वेळा मीच शेपटी उचलून दाखवली आणि दोन्ही वेळा चहा न घेता ते गेले. ह्यांनी त्यानंतर एक दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. साठ हजार म्हणजे आमचा दोन महिन्यांचा पेंडीचा खर्च, मला कळतं ते.

गुरुवारी रात्री ती परत माजावर आली. रात्रभर हंबरली, दाव्याला हिसके देऊन खुंटी ढिली केली. पहाटे मी धारेला बसले तर हे तिच्याजवळ उभे, हातात फोन.

"दादांना लावू का?"

म्हटलं, "धार होऊ द्या. मग चहा घेऊ."